बेंचखाली चिठ्ठी आणि 66 मार्क: दहावीतल्या एका पोरीवरच्या कॉपीच्या आरोपाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहर संपत येतं आणि गावं सुरू होतात तिथलं हे घर. वडील उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्टवर, आई घरी शिवणकाम करते, पोरगी मराठी माध्यमाच्या एका अनुदानित हायस्कूलला दहावीत. शाळेचं नाव देत नाही, माणसांची नावं देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी यात आलो ते पोरीच्या मामामुळं, तो माझा जुना दोस्त, आणि मी स्वतः बरीच वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलंय त्यामुळं स्टाफरूमच्या आत काय चालतं ते मला माहीत.

इथलं गणित आधी सांगतो, कारण पलीकडं कोल्हापूरच्या बाजूला राहणाऱ्यांना ते कळणार नाही. आमच्याकडं एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, कर्नाटक बोर्डाची, एकूण 625 मार्क, पहिली भाषा मराठी 125 ची आणि बाकी विषय 100 चे. त्या 100 मधले 80 लेखी आणि 20 इंटरनल, म्हणजे वर्षभरातल्या एफए (छोट्या चाचण्या), प्रोजेक्ट वगैरेवरून शाळाच देते ते. मराठी माध्यमाच्या बहुतेक पोरांना कन्नड म्हणजे पास झालं की सुटलो असा विषय, घरात कोण बोलत नाही, गल्लीत कोण बोलत नाही, मग गाईडमधलं पाठ करायचं आणि ओतायचं.

ही पोरगी पण नववीपर्यंत त्यातलीच. नववीच्या वार्षिकला कन्नडात 80 पैकी 34. दहावीच्या सहामाहीला, म्हणजे सप्टेंबरच्या एसए-1 ला, पडले 66.

आता हे कसं झालं ते घरच्यांना माहीत होतं, शाळेला नव्हतं. मामाचं किराणा दुकान हायवेच्या बाजूला, गिऱ्हाईक अर्धं कन्नड. नववीत असल्यापासून पोरगी संध्याकाळी दुकानात बसायला लागली आणि "एष्टु आयितु" (किती झाले), "चिल्लरे इल्ला री" (सुट्टे नाहीत हो) इथपासून सुरुवात करून वर्षभरात गिऱ्हाइकाशी भाव करण्यापर्यंत पोचली. वरून मामीचं माहेर गोकाककडचं, मामाची पोरगी कन्नड माध्यमात आठवीला, एप्रिल-मेच्या सुट्टीत या दोघी बसून लिहायच्या. बोलणं आलं होतं, लिहिणं सुट्टीत आलं. यात लपवायसारखं काही नाही, पण उठून शाळेत सांगायसारखं पण काही नाही ना.

काय घडलं

सहामाहीच्या कन्नड पेपराला पोरं गेल्यावर सुपरव्हिजनच्या बाईंना खिडकीकडच्या तिसऱ्या बेंचखाली घडी घातलेली चिठ्ठी सापडली. त्यांनी ती कन्नडच्या सरांना दिली, कुठल्या बेंचखाली ते तोंडी सांगितलं आणि विषय संपला. चिठ्ठीवर तारीख नाही, वेळ नाही, सुपरव्हिजनच्या वहीत नोंद नाही. मग दसऱ्याची सुट्टी लागली.

सुट्टीत सरांनी पेपर तपासले. तिसऱ्या बेंचवर बसलेल्या पोरीला 66, जिला नववीत 34 होते. त्यात तिच्या निबंधाची सुरुवात पुढच्या बेंचवरच्या पोरीच्या निबंधाशी शब्दाला शब्द जुळती. सरांच्या डोक्यात दोन अधिक दोन झालं. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मलाही शंका आली असती, शंका येण्यात काही चूक नाही, पुढं जे झालं त्यात आहे.

शाळा उघडल्यावर वर्गात पेपर वाटताना हिचा पेपर दिला नाही आणि सगळ्यांसमोर म्हणाले, यंदा काही जणांना चिठ्ठीतनं कन्नड यायला लागलंय. पोरं हसली. मग स्टाफरूमला बोलावलं, तिथं चार-पाच शिक्षक बसलेले, आणि कन्नडमधे विचारायला सुरुवात केली, हे काय लिहिलंयस, याचा अर्थ सांग. पोरगी गप्प. एक शब्द फुटला नाही. "बघा, काही येत नाही हिला."

मग कागद दिला आणि काय झालं ते लिही म्हणाले. तिनं लिहिलं, "माझ्या बेंचखाली चिठ्ठी मिळाली. सरांनी मला विचारलं." खाली सही, तारीख. दोन्ही वाक्यं खरी. पण हेडमास्तरांच्या टेबलावर तो कागद पोचला तेव्हा त्याचं नाव झालं होतं माफीपत्र. पेपर शून्य धरायचा आणि पालकांना बोलवायचं असं ठरलं.

वडील सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा आले, आईनं सांगितलं, तर त्यांचं पहिलं वाक्य, "सर कशाला खोटं बोलतील गा?" पोरगी त्यावर काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी शाळेला गेली नाही. तिसऱ्या दिवशी मामाला कळलं आणि तो भडकला. त्याचं म्हणणं, दुकानात ती माझ्यापेक्षा बरं कन्नड बोलते, चिठ्ठी कशाला लागतीय तिला, चल शाळेत, सरांसमोर बोलून दाखवू दे. तेव्हा त्यानं मला फोन केला.

आरोप नेमका कशाचा

मामाला मी पहिलं शांत बसवलं आणि एका कागदावर लिहायला लावलं की शाळेकडं नेमकं काय काय आहे. लिहिल्यावर चार गोष्टी निघाल्या. बेंचखाली चिठ्ठी. पुढच्या पोरीशी जुळणारा निबंध. मार्कांची उडी. आणि स्टाफरूममधली बोलती बंद. या चार वेगळ्या गोष्टी आहेत, शाळेनं त्यांची एकच मोट बांधून तिला "कॉपी" म्हटलं होतं, आणि घरचे पण त्या मोटेलाच उत्तर द्यायला निघाले होते.

मामाचं "तिला कन्नड येतं" हे उत्तर फक्त मार्कांच्या उडीला लागू पडतं. ज्याला विषय येतो तो पण चिठ्ठी आणू शकतो, हुशार पोरं पकडलेली मी स्वतः बघितलीत. म्हणजे उद्या पोरगीनं सरांसमोर फडाफडा कन्नड बोलून दाखवलं असतं तरी चिठ्ठी टेबलावर तशीच राहिली असती. निरपराध पोराच्या घरचे बहुतेक वेळा इथंच अडकतात, पोर किती गुणी ते सांगत बसतात, आणि समोरचा म्हणतो होय की, गुणी असेल, पण हे काय मग?

चिठ्ठीला उत्तर चिठ्ठीतच शोधायला पाहिजे होतं. आणि ती घरच्यांपैकी कुणीच बघितली नव्हती. पोरीनं पण नाही, तिला लांबून दाखवली होती.

समोर असलेले पर्याय

वडिलांचा कल गप्प बसण्याकडं. सहामाहीचे मार्क बोर्डात धरत नाहीत, मग कशाला भांडायचं, इंटरनलचे 20 सरांच्या हातात, मार्चपर्यंत त्यांच्याच वर्गात बसायचंय. हा विचार भित्रा वाटेल पण मी त्याला कमी लेखत नाही, आमच्याकडची निम्मी प्रकरणं इथंच मिटतात. अडचण अशी की गप्प बसलं की तो कागद माफीपत्र म्हणूनच फाईलला राहणार. आणि 2024 पासून बोर्डाच्या परीक्षेला वर्गातल्या कॅमेऱ्यांचं वेबकास्टिंग सुरू झाल्यापासून कॉपी या शब्दालाच शाळा इतक्या घाबरतात की एकदा शिक्का बसलेल्या पोराला पूर्वपरीक्षेला पहिल्या बेंचवर बसवून सारखं डोक्यावर उभे राहतात. त्यात पोर काय लिहिणार.

दुसरा पर्याय खुद्द हेडमास्तरांनीच दिला होता, लगेच परत पेपर घेऊ. ऐकायला न्याय्य वाटतो. पण जी पोरगी स्टाफरूममधे मुकी झाली ती तीन दिवसांत त्याच सरांसमोर बसून 66 चा पेपर लिहिणार? कमी पडले असते तर तोच पुरावा ठरला असता, आणि चांगले पडले असते तरी वर म्हटलं तसं चिठ्ठी उरतेच. म्हणजे हरायचं पक्कं, जिंकायचं अर्धंच. आम्ही नाही म्हणालो नाही, आधी कागद बघू मग परीक्षा घ्या म्हणालो.

वर जायचा पर्याय होताच. बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याचं ऑफिस, त्याच्यावर जिल्ह्याचे डीडीपीआय (बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे, बेळगाव आणि चिक्कोडी, आमचं बेळगावात). नात्यातल्या एकानं आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 17 पाठवलं, शाळेत मानसिक छळाला बंदी आहे म्हणून. बंदी आहे, बरोबर, पण तो कायदा 6 ते 14 वयाचा आणि पोरगी 15 ची, पहिल्याच बैठकीत कुणीतरी हे काढलं असतं आणि आमचं तोंड बंद. दुसऱ्यानं आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाका म्हटलं. आपली उत्तरपत्रिका बघायचा हक्क परीक्षार्थीला आहे हे सुप्रीम कोर्टानं 2011 मधे सांगितलंय, पण उत्तराला 30 दिवस आणि इथं पोरगी जेवेना झालीय. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 नंबर मी आईकडं लिहून ठेवला, पोरगी अशीच बसून राहिली तर लावायचा म्हणून.

आणि मग तो पर्याय जो आमच्याकडं न बोलावता येतो. तारीख बघा, ऑक्टोबरचा शेवट. 1 नोव्हेंबरला सरकारचा राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस, 1956 पासून चालत आलेलं, त्या आठवड्यात बेळगावची हवाच वेगळी असते. गल्लीतल्या दोन पोरांना कुणकुण लागली आणि ते घरी आले, काकी तुम्ही फक्त होय म्हणा, कन्नड सरानं मराठी पोरीला चोर ठरवलं म्हणून आत्ता ग्रुपवर टाकतो, संध्याकाळपर्यंत शाळेसमोर माणसं उभी करतो. आई रडवेली झालेली, जवळजवळ होय म्हणाली होती. मामा मधे पडला आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

यात भाषेचा संबंध अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. मराठी माध्यमाची पोर, हिला 66 कसे, हा विचार सरांच्या मनात आलाच असणार. पण ते सर बारा महिने मराठी पोरांना कन्नड शिकवतात, निम्मं मराठीतनं समजावून, आणि शाळेसमोर माणसं उभी राहिली असती तर त्यांना मागं यायला वाटच उरली नसती. संस्थेनं एकतर त्यांना घालवलं असतं नाहीतर पोरीला. आणि पोरगी आयुष्यभर "ती कॉपीवाली केस" झाली असती, दोन्ही बाजूंनी.

प्रत्यक्षात काय केलं

एक पानी पत्र लिहिलं, मराठीत, वडिलांच्या सहीनं, हेडमास्तरांना. छळ, अन्याय, कारवाई असले शब्द काढून टाकले. चारच गोष्टी लिहिल्या. मुलीनं लिहून दिलेल्या कागदात कॉपी केल्याची कबुली नाही, तो माफीपत्र धरू नये. चिठ्ठी आणि तिचा पेपर आम्हाला एकत्र बघायला मिळावा. चिठ्ठी कुठं, कधी, कुणाला मिळाली ते सुपरव्हिजनच्या बाईंकडनं लिहून घ्यावं. तोपर्यंत शून्य मार्क रजिस्टरला चढवू नयेत. ऑफिसात दिलं आणि झेरॉक्सवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतला. क्लार्क म्हणाला शिक्का कशाला, सरांना देतो की मी. वडील फिरून माझ्याकडं बघायला लागले, मी म्हटलं थांबा, घेऊनच जायचं.

दोन दिवसांनी बैठक झाली, हेडमास्तर, कन्नडचे सर, सुपरव्हिजनच्या बाई, वडील आणि मी. पोरगीला मुद्दाम आणलं नाही. मामाला पण नाही, त्याचा आवाज चढतो.

चिठ्ठी टेबलावर ठेवली. वहीचा अर्धा फाडलेला कागद, निळं पेन, बारीक अक्षर. एका बाजूला "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" या गादेचा (कन्नडमधे म्हणीला गादे म्हणतात) विस्तार, म्हणजे आपल्याकडची "अंथरूण पाहून पाय पसरावे". मागच्या बाजूला रजेचा अर्ज. सर म्हणाले अक्षर तिचंच आहे. वडील म्हणाले नाही. मला विचाराल तर इतक्या बारीक लिहिलेल्या अक्षरावरून कुणीच काही सांगू शकत नाही आणि दोन्ही बाजू शपथेवर सांगतात, त्यात पाच मिनिटं गेली ती फुकट गेली.

मग पेपर उघडला. गादे दोनपैकी एक लिहायची होती. पोरीनं लिहिली होती "कै केसरादरे बायि मोसरु". पत्रात पण पर्याय होता, तिनं रजेचा अर्ज सोडून वडिलांना सहलीचं पत्र लिहिलं होतं. चिठ्ठीतली एक ओळ तिच्या पेपरात नाही. चिठ्ठी जवळ असणारी पोर चिठ्ठीतला प्रश्न सोडून दुसरा का लिहील?

खोलीत कुणीच बोलेना. सरांनी पेपर ओढून घेतला, परत उलटून बघितला. त्यांनी चिठ्ठी आणि पेपर आजवर शेजारी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते. त्यात पुढं हे की ती गादे आणि पत्र मिळून सात-आठ मार्कांचं काम, आणि मार्क वाढलेत 32, चिठ्ठी तिनं वापरली असती तरी उडीचा हिशोब लागत नव्हता.

निबंधाचं लवकर संपलं. विषय परिसर मालिन्य, म्हणजे प्रदूषण. हेडमास्तरांनी गठ्ठ्यातले आणखी सात-आठ पेपर काढले, त्यातल्या चार जणांची पीठिके, म्हणजे सुरुवात, तीच, शब्दाला शब्द. गाईडमधली. सर स्वतःच म्हणाले, हे सगळेच पाठ करतात. दोन पेपर जुळतात हे कळायला दोन पेपर पुरतात, पण जुळण्याला काही अर्थ आहे का ते कळायला बाकीचा गठ्ठा उघडावा लागतो.

सगळ्यात अवघड क्षण

गठ्ठा उघडला तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना एकदम दिसली. पुढच्या बेंचवरच्या पोरीनं "हासिगे इद्दष्टु" हीच गादे लिहिली होती आणि रजेचाच अर्ज लिहिला होता.

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. वडील काहीतरी बोलणार होते, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आमची पोर सुटायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं, मग ती चिठ्ठी तिची असणार. पण ते पण तेवढंच हवेतलं झालं असतं जेवढं आमच्या पोरीवरचं होतं. त्या ब्लॉकमधल्या बहुतेक पोरींनी तीच गादे लिहिली होती, साहजिक आहे, मराठी पोरांना ती सोपी पडते, अर्थ आधीच माहीत असतो. आणि बाईंनी तिथंच सांगितलं की त्या खोलीत सकाळच्या सत्रात दुसऱ्या वर्गाचा पेपर झाला होता, मधे झाडलोट झाली का ते त्यांना सांगता येईना. म्हणजे चिठ्ठी कुणाचीही. मी एवढंच म्हणालो की आम्ही फक्त आमच्या पोरीच्या पेपराबद्दल आलोय, बाकी कुणाच्या पेपराबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. वडिलांना ते तेव्हा पटलं नव्हतं, बाहेर आल्यावर पार्किंगमधे माझ्यावर चिडले.

निकाल

तोंडी परीक्षा झाली, पण आमच्या अटीवर, आठवड्यानंतर, खालच्या वर्गांना कन्नड शिकवणाऱ्या बाईंनी घेतली आणि सर मागं बसले. दुकानातले दोन प्रश्न आधी विचारले त्यांनी, तेल कितीला, साखर कितीला. पोरगी सुटली. नंतर पाठावरचं विचारलं, तेही बऱ्यापैकी सांगितलं, एका ठिकाणी अडली.

66 मार्क कायम राहिले. तो कागद फाडला नाही, हेडमास्तरांनी त्यावरच लाल पेननं लिहिलं की चौकशीत आरोपाला आधार मिळाला नाही, आणि खाली सही केली. मला हे फाडण्यापेक्षा बरं वाटलं. इंटरनलला सरांनी 20 पैकी 18 दिले, वडिलांची ती भीती खोटी ठरली.

माफी काय मिळाली नाही. वडिलांचा आग्रह होता की वर्गात म्हटलंय तर वर्गातच मागं घ्या. हेडमास्तर बघतो म्हणाले. सरांनी वर्गात कधी काही सांगितलं नाही, फक्त एके दिवशी पद्य वाचायला हिला उभं केलं आणि वाचून झाल्यावर "चेन्नागिदे", छान आहे, म्हणाले. पोरीला विचारलं तर ती म्हणते तेवढं पुरे, आईला पुरे वाटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शाळेच्या बाजूनं बघितलं तर चिठ्ठी सापडली त्याच मिनिटाला तिच्यावर तारीख, वेळ, ब्लॉक आणि बेंच लिहून बाईंनी सही केली असती तर निम्मं प्रकरण उभंच राहिलं नसतं, किंवा खरं असतं तर खरं तरी ठरलं असतं. वर्गात बोलण्याआधी चिठ्ठी आणि पेपर शेजारी ठेवायला सरांना दहा मिनिटं लागली असती. आणि चार शिक्षकांच्या मधे उभं करून विचारलेल्या प्रश्नाला पोर गप्प बसली तर त्यावरून तिला काय येतं ते कळत नाही, ती घाबरलीय एवढंच कळतं.

घरच्या बाजूनं, पहिल्या रात्री वडिलांनी तिलाच विचारायला पाहिजे होतं की तू पेपरात काय लिहिलंस, कुठली गादे लिहिलीस. तिला आठवत होतं, पेपर डोक्यात ताजा होता, तिनं त्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर बैठकीत आम्ही अंदाजानं गेलो नसतो. ती चिठ्ठी आणि पेपर मागायची कल्पना बरोबर निघाली, पण आत काय निघेल हे आम्हाला माहीत नव्हतं. आणि पोरांना एक सांगून ठेवायला पाहिजे, शाळेत लिहून दे म्हणाले तर लिहा, पण "मी कॉपी केलेली नाही" हे वाक्य त्यात स्वतःहून घाला. विचारलं नसलं तरी घाला.

आमच्याकडनं पुढच्या बेंचवरच्या पोरीचं नाव कुणी घेतलं नाही, तरी गठ्ठा सगळ्यांसमोर उघडल्यामुळं ती गोष्ट स्टाफरूमला गेली आणि तिथनं गल्लीला. तुलनेसाठी पेपर काढताना नंबर झाकून काढा असं मी हेडमास्तरांना आधी सुचवलं असतं तर ते त्यांनी केलं असतं, पूर्वपरीक्षेला आता ते तसंच करतात. त्या पोरीला शाळेनं काही विचारलं नाही, पण तिच्या आईला कुठनं कळलं ते कळलं आणि दोन्ही घरं एकाच गल्लीत असून हळदीकुंकवाला पण बोलावणं गेलं नाही. दोघी पोरी मात्र ट्यूशनला अजून एकाच सायकलवरनं जातात.